वायफायची किल्ली कोणाकडे? कर्नल आणि युजरस्पेसमधली सुरक्षेची वाटणी, पायरी पायरीने

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डातून अण्णांचा फोन आला. हळदीचा ऐन हंगाम, सौदे सुरू व्हायला जेमतेम दीड तास, आणि पेढीतला बिलं काढायचा लिनक्सवाला संगणक वायफाय घेईना. "ताई, पासवर्ड तोच आहे की! अक्षर न् अक्षर तोच. माझा मोबाइल लागतोय, दिवाणजींचा लागतोय, हा एकटाच रुसून बसलाय."

पासवर्ड खरोखरच तोच होता. बदललं होतं नेटवर्कचं नाव. पाडव्याचा मुहूर्त साधून अण्णांच्या नातवाने राउटरमधलं कंपनीने दिलेलं नाव काढून पेढीचं नाव लावलं, आणि पोरगा हुशार म्हणून संगणकाच्या फाइलमध्येही न चुकता तेच नाव टाकलं. तरीही गाडी अडलेली. दोष माझाच होता, दोन वर्षांपूर्वी करून ठेवलेला. तो तिसऱ्या पायरीत येईल. पण त्या सकाळचा पाऊण तास फुकट गेला तो वेगळ्याच कारणाने. मी बिघाड चुकीच्या मजल्यावर शोधत होते. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत ‘असोसिएटेड’ हा शब्द दिसला, म्हणजे वायफाय जोडलं गेलं असं मी धरून चालले आणि आयपी पत्ता का मिळत नाही याच्या मागे लागले.

हा लेख त्या पाऊण तासासाठी आहे. उबुंटू-डेबियन घराण्यातलं लिनक्स धरून लिहिते. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमनमध्ये, लहान अक्षरांत करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. ‘डब्ल्यूपीए-पासफ्रेज’सारख्या नावांतली जोडरेघ टाइप करताना अंडरस्कोर असते.

आधी वाटणी

पेढीवर दोन जागा असतात. आत गादीवर अडत्या बसतो. माल कोणाचा, घेणारा कोण, दर काय, उधारी किती दिवसांची, हे तो ठरवतो. बाहेर काट्यापाशी हमाल आणि मापाडी. पोतं आलं, टाकलं, वजन झालं, पुढचं. मापाडी दराच्या भानगडीत पडत नाही, आणि अडत्या दर पोत्यामागे उठून काट्यापाशी जात नाही. गेला तर दिवसभरात शंभर पोतीही निघायची नाहीत.

वायफायची सुरक्षा लिनक्समध्ये अशीच वाटलेली आहे. काट्याचं काम कर्नल करतो, किंवा त्याच्या हुकमाने वायफायची चिप. जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाला एईएस या सांकेतिक रीतीने कुलूप लावायचं, त्यावर ४८ बिटांचा चढता क्रमांक टाकायचा, येणाऱ्या पाकिटाचा क्रमांक जुना असेल तर ते फेकून द्यायचं. हे सेकंदाला हजारो वेळा होतं. तिथे वर जाऊन विचारायला सवड नसते.

गादीवर युजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलच्या बाहेर चालणारा, प्रोग्राम बसतो. बहुतेक ठिकाणी तो डब्ल्यूपीए-सप्लिकंट असतो. योनी मालिनेन यांनी लिहिलेला हा प्रोग्राम २००३ च्या सुमाराचा. अॅक्सेस पॉइंटच्या, म्हणजे वायफाय पुरवणाऱ्या यंत्राच्या, बाजूचा त्याचा भाऊ होस्टएपीडी. कोणत्या नेटवर्कला जायचं हे सप्लिकंट ठरवतो, पासवर्डपासून किल्ली बनवतो, राउटरशी चार निरोपांची देवाणघेवाण करतो, आणि कॉलेज किंवा कंपनीचं नेटवर्क असेल तर प्रमाणपत्रंही तपासतो. प्रमाणपत्र वाचणं हे किचकट आणि चुकांना आमंत्रण देणारं काम. ते कर्नलमध्ये करायचं ठरवलं तर एका चुकीपायी अख्खं यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकतं. वर चूक झाली तर निदान नुकसानीला भिंत तरी असते.

दोघांमधली खिडकी म्हणजे एनएल८०२११. तिच्यामागे कर्नलमध्ये सीएफजी८०२११ हा थर आहे आणि त्याखाली बहुतेक चिपसाठी मॅक८०२११. मॅक८०२११ हा थर २००७ मध्ये २.६.२२ या कर्नलात आला. त्याआधी ‘वायरलेस एक्स्टेन्शन्स’ची जुनी पद्धत होती. नेटवरचे जुने लेख ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ वापरायला सांगतात ते त्या काळातले. तिच्या ‘की’ या पर्यायाने फक्त डब्ल्यूईपी या वायफायच्या सगळ्यात जुन्या सुरक्षापद्धतीची किल्ली भरता येते, आणि डब्ल्यूईपी कधीच मोडीत निघालं आहे.

आता या खिडकीतून खाली नेमकं काय जातं ते बघा. पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव यांपासून २५६ बिटांची मूळ किल्ली बनते, तिला पीएमके म्हणतात. चार निरोपांत दोन्ही बाजूंचे ताजे यादृच्छिक आकडे आणि दोघांचे हार्डवेअर पत्ते मिसळून तिच्यापासून त्या जोडणीपुरती ३८४ बिटांची किल्ली तयार होते. तिचे १२८ बिटांचे तीन तुकडे पडतात. पहिला निरोपांवर सही करायला, दुसरा निरोपांतला गुप्त मजकूर झाकायला आणि तिसरा पाकिटांना कुलूप लावायला. साध्या मांडणीत कर्नलला फक्त तिसरा तुकडा मिळतो, आणि सगळ्यांना मिळून जाणाऱ्या पाकिटांची सामूहिक किल्ली. मूळ किल्ली वरच राहते. पूर्वी हरिपूरच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं जमिनीखाली राहायची आणि लागेल तेवढीच बाहेर निघायची, तसंच हे. काट्यावर गफलत झाली तरी पेव शाबूत राहतं.

पायरी १: चिप कोणत्या जातीची ते बघा

आधी ‘आरएफकिल लिस्ट’ चालवा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ समोर ‘येस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा बायॉस बघा. कोणताही प्रोग्राम ते उघडू शकत नाही.

मग ‘आयडब्ल्यू लिस्ट’. लांबलचक यादी येईल. तिच्यात ‘सपोर्टेड कमांड्स’ हा भाग गाठा आणि ‘ऑथेंटिकेट’ व ‘असोसिएट’ हे दोन शब्द शोधा. ते असतील तर चिप साध्या जातीची: जोडणीची एकेक पायरी सप्लिकंट सांगणार, कर्नल करणार. हे दोन नसून फक्त ‘कनेक्ट’ असेल तर ती शहाणी चिप. जोडणीचा कारभार तिच्या आतलं फर्मवेअर बघतं. अशा काही चिपमध्ये चार निरोपांचं कामही फर्मवेअरकडेच असतं, आणि मग पीएमके खालपर्यंत द्यावीच लागते. पेव काट्यापाशीच खणल्यासारखं. त्यात लगेच धोका आहे असं नव्हे, पण अशा यंत्रात फर्मवेअर अद्ययावत ठेवणं हे सुरक्षेचं काम होऊन बसतं. डब्ल्यूपीए३ (डब्ल्यूपीए२ नंतरची नवी सुरक्षापद्धत) लागत नसेल तर तासन् तास फाइल खरवडू नका. पुष्कळदा त्याचं उत्तर फर्मवेअरमध्ये असतं.

पायरी २: गादीवर एकच मालक

माझ्याकडे येणाऱ्या ‘वायफाय सारखं तुटतंय’ तक्रारींत ही गडबड वरचेवर सापडते. एकाच कार्डावर दोन प्रोग्राम हुकूम सोडत असतात. कर्नल कोणाला ओळखत नाही. ज्याच्याकडे नेटवर्क चालवण्याचा अधिकार, म्हणजे ‘कॅप-नेट-अॅडमिन’, त्याचं तो ऐकतो. दोघांकडे असेल तर दोघांचं ऐकतो.

‘पीएस एएक्स’ चालवून सप्लिकंट, आयडब्ल्यूडी (सप्लिकंटच्याच कामाचा दुसरा प्रोग्राम) आणि नेटवर्कमॅनेजर यांपैकी काय काय चालू आहे ते बघा. नेटवर्कमॅनेजरसोबत एक सप्लिकंट दिसणं बरोबर आहे, कारण नेटवर्कमॅनेजर स्वतः चार निरोप करत नाही. सप्लिकंटला हाताशी धरतो. दोन सप्लिकंट दिसले, किंवा सप्लिकंट आणि आयडब्ल्यूडी एकाच कार्डावर दिसले, की चोर सापडला. डेबियनमध्ये आणखी एक लपायची जागा आहे: ईटीसी-नेटवर्कखालची जुनी ‘इंटरफेसेस’ फाइल. कोणीतरी कधीकाळी तिच्यात वायफायचं नाव लिहून ठेवलेलं असतं.

याची खूण कर्नलच्या नोंदीत मिळते. ‘डीमेसेज’मध्ये (टाइप करताना डी-एम-ई-एस-जी) ‘डीऑथेंटिकेटिंग... बाय लोकल चॉइस’ आणि कारण ३ असं वारंवार दिसलं तर राउटरला बोल लावू नका. ‘लोकल चॉइस’ म्हणजे जोडणी तुमच्याच यंत्रावरच्या कोणीतरी तोडली.

एक मालक ठरवा. टेबलावरच्या संगणकाला नेटवर्कमॅनेजर ठीक. कपाटावर ठेवून विसरायच्या यंत्राला मी नुसता सप्लिकंट ठेवते. अण्णांचं यंत्र दुसऱ्या प्रकारचं. २०१९ च्या महापुरानंतर ते कोणतीही विजेची वस्तू खाली ठेवत नाहीत. संगणकाची पेटी फळीवर आणि माणूस स्टुलावर.

पायरी ३: फाइलीतली किल्ली

सप्लिकंटच्या फाइलमध्ये ‘एसएसआयडी’ समोर नेटवर्कचं नाव असतं आणि ‘पीएसके’ समोर पासवर्ड. पासवर्ड दुहेरी अवतरण चिन्हांत लिहिला तर सप्लिकंट त्याला पासवर्ड समजतो. अवतरण चिन्हांशिवाय ६४ हेक्स आकडे (० ते ९ आणि ए ते एफ) लिहिले तर ती तयार किल्ली समजली जाते. दुसरा प्रकार ‘डब्ल्यूपीए-पासफ्रेज’ या छोट्या हत्याराने मिळतो: त्याला नाव आणि पासवर्ड द्या, ते ६४ आकडे छापतं. दोन वर्षांपूर्वी मी ते वापरलं होतं. पासवर्ड फाइलमध्ये उघडा दिसू नये, एवढाच हेतू.

आता हे आकडे बनतात कसे? पासवर्ड घ्यायचा, नेटवर्कचं नाव त्यात मिठासारखं मिसळायचं आणि पीबीकेडीएफ२ या रीतीने ४०९६ वेळा घुसळायचं. नाव बदललं की मीठ बदललं, आणि मीठ बदललं की किल्ली पार वेगळी. नातवाने नाव बदललं, पण खालचे ६४ आकडे जुन्या नावाचे होते. मोबाइलमध्ये पासवर्ड टाकल्यावर नवी किल्ली तिथल्या तिथे बनली. संगणक जुनीच हातात धरून बसला. अण्णांचं म्हणणं खरं होतं, अक्षर न् अक्षर तेच. पण त्या फाइलमध्ये पासवर्डचं एकही अक्षर नव्हतं.

उपाय दोन मिनिटांचा. हेक्स काढा, खरा पासवर्ड अवतरण चिन्हांत लिहा, आणि फाइलचे हक्क ‘सीएचमॉड ६००’ करून मालक रूट (यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता) ठेवा. हेक्सने त्या नेटवर्कपुरती काहीच लपवाछपवी होत नाही, कारण ते आकडे ज्याच्या हाती लागतील तो सरळ नेटवर्कमध्ये शिरतो. फायदा एवढाच की तोच पासवर्ड दुसरीकडेही वापरला असेल तर तो उघड होत नाही. शिवाय डब्ल्यूपीए३ च्या एसएई पद्धतीला हे आकडे चालत नाहीत, तिला मूळ पासवर्डच लागतो. म्हणून आता मी हेक्स लिहीतच नाही.

नावाबद्दल आणखी एक, खास आपल्यासाठी. नातवाला नाव देवनागरीत हवं होतं. नावाला मर्यादा ३२ बाइटची, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या रीतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते. मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळ्यांची मोजणी वेगळी. ‘हळद पेढी’ला मधल्या मोकळ्या जागेसकट २२ बाइट लागतात. पुढे ‘सांगली’ जोडलं की ४१, मग बसत नाही. बसेल एवढं छोटं नाव निवडलं तरी एक मेख आहे. मराठीतला ‘शेतकऱ्यांचा’मधला ऱ दोन प्रकारे साठवता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा र आणि खाली टिंब म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, पण बाइट वेगळे, म्हणजे मीठ वेगळं. देवनागरी नाव ठेवायचंच असेल तर सप्लिकंटच्या फाइलमध्ये ते हेक्समध्ये लिहा, आणि ते हेक्स ‘आयडब्ल्यू’च्या स्कॅनमध्ये दिसणाऱ्या नावाच्या बाइटवरून उचला, कीबोर्डवरून नको. डब्ल्यूपीए२ चा पासवर्ड मात्र साध्या रोमन अक्षरा-आकड्यांतच, ८ ते ६३ खुणांचा.

पायरी ४: दोन खिडक्या शेजारी शेजारी

हीच पायरी त्या सकाळी मी वगळली होती.

टर्मिनलच्या एका खिडकीत कर्नल: ‘डीमेसेज’ला डब्ल्यूचा पर्याय लावून चालवा, म्हणजे नोंदी येतील तशा दिसतील. दुसऱ्या खिडकीत सप्लिकंट: त्याची सेवा थांबवा आणि तोच हाताने, समोर चालवा. ‘आय’ पर्यायाने कार्डाचं नाव, ‘सी’ पर्यायाने फाइल, आणि ‘डी’ पर्यायाने बडबड वाढते.

चुकीची किल्ली असताना कर्नलची खिडकी काय म्हणते ते ओळीओळीने बघा. ‘ऑथेंटिकेट विथ’, पुढे राउटरचा पत्ता. मग ‘ऑथेंटिकेटेड’. मग ‘असोसिएट विथ’. मग ‘आरएक्स असोकरेस्प’, स्टेटस ०. आणि शेवटी ‘असोसिएटेड’. सगळं कसं गोड! काही सेकंद शांतता, आणि मग ‘डीऑथेंटिकेटेड’, कारण १५: फोर-वे हँडशेक टाइमआउट. काही राउटर इथे कारण २ देतात.

पासवर्ड चुकीचा असूनही ‘ऑथेंटिकेटेड’ कसं आलं? कारण डब्ल्यूपीए२ मध्ये ही पहिली ओळख नाममात्र असते. १९९७ च्या मूळ मानकापासून चालत आलेली ‘ओपन सिस्टिम’ ओळख. राउटर कोणालाही हो म्हणतो. यार्डाच्या फाटकातून आत सोडल्यासारखं. सौदा अजून व्हायचाच आहे. पासवर्डची खरी परीक्षा त्यानंतरच्या चार निरोपांत होते, आणि ती वरच्या मजल्यावर चालते. कर्नल ते निरोप फक्त पोचवतो. (एसएईमध्ये हे बदलतं. तिथे पासवर्डची परीक्षा त्या पहिल्या ओळखीतच होते, त्यामुळे चुकीचा पासवर्ड ‘असोसिएटेड’पर्यंत पोचतच नाही.)

चार निरोप असे. पहिल्यात राउटर आपला यादृच्छिक आकडा पाठवतो. दुसऱ्यात संगणक आपला आकडा पाठवतो आणि त्यावर सही करतो. किल्ली चुकीची असेल तर ही सही राउटरला पटत नाही, आणि तो पुढे सरकत नाही. पटली तर तिसऱ्यात सामूहिक किल्ली झाकून येते, आणि चौथ्यात संगणक पोच देतो. मगच सप्लिकंट एनएल८०२११ च्या खिडकीतून दोन्ही किल्ल्या कर्नलला देतो आणि सांगतो: आता दार उघड. तोवर कर्नल त्या दारातून ८८८ई या प्रकारचीच पाकिटं जाऊ देतो, म्हणजे फक्त हे निरोप. आयपी पत्ता मागणारं पाकीट बाहेर पडूच शकत नाही. मी पाऊण तास तेच पाकीट सोडायचा प्रयत्न करत होते.

आता दुसरी खिडकी. सप्लिकंट तिथे स्पष्ट लिहितो: ‘फोर-वे हँडशेक फेल्ड, प्री-शेअर्ड की मे बी इनकरेक्ट’. त्यापाठोपाठ नेटवर्क तात्पुरतं बंद केल्याची नोंद, कारण ‘राँग की’. राउटरच्या जागी होस्टएपीडी असेल तर त्याच्या नोंदीतही ‘पॉसिबल पीएसके मिसमॅच’ असा इशारा येतो.

सेवा म्हणून चालू असलेल्या सप्लिकंटला ‘डब्ल्यूपीए-सीएलआय स्टेटस’ने विचारता येतं. उत्तरातली अवस्थेची ओळ वाचा. ‘स्कॅनिंग’वरच अडला असेल तर नाव किंवा चॅनेल बघा. ‘असोसिएटिंग’वर अडला असेल तर कर्नल, चिप, सिग्नल किंवा राउटरची नापसंती. ‘फोर-वे हँडशेक’वर अडला तर किल्ली. आणि ‘कम्प्लिटेड’ असूनही इंटरनेट नाही, तेव्हाच आयपी पत्त्याच्या मागे लागा. हा क्रम मी कागदावर लिहून हत्यारांच्या पिशवीत ठेवला आहे.

पायरी ५: किल्ली खाली पोचली का

‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० स्टेशन डंप’ चालवा. ‘ऑथराइज्ड’, ‘ऑथेंटिकेटेड’, ‘असोसिएटेड’ अशा तीन वेगळ्या ओळी दिसतील. मागच्या दोन ‘येस’ आणि पहिली ‘नो’ म्हणजे माणूस फाटकाच्या आत आला, सौदा अजून झाला नाही.

साध्या जातीची चिप असेल तर आणखी खोल बघता येतं. रूट होऊन डीबग फाइलसिस्टिममध्ये आयट्रिपलई८०२११ खाली फाय०, आणि त्याखाली ‘कीज’ हा फोल्डर. काही कर्नलमध्ये ही झडप बांधलेलीच नसते, पण असली तर प्रत्येक किल्लीचा एक उपफोल्डर दिसतो. ‘अल्गोरिदम’मध्ये सीसीएमपी (एईएसने कुलूप लावायची रीत) असावं. ‘टीएक्स-स्पेक’मध्ये पाठवलेल्या पाकिटांचा चढता क्रमांक असतो. चिप तो स्वतः सांभाळत नसेल, तर एखादी फाइल पाठवताना दोनदा वाचून बघा, वाढलेला दिसेल.

हा क्रमांक मागे येता कामा नये. ऑक्टोबर २०१७ मध्ये माथी वानहूफ आणि फ्रांक पीसेन्स यांनी जाहीर केलेला क्रॅक हल्ला नेमका यावर बेतलेला होता. हल्लेखोर तिसरा निरोप पुन्हा संगणकापर्यंत पोचू देतो. सप्लिकंट इमानदारीत तीच किल्ली पुन्हा खाली देतो. कर्नल नवी किल्ली आली म्हणून क्रमांक पुन्हा पहिल्यापासून मोजतो. त्याच किल्लीने त्याच क्रमांकाची दोन पाकिटं बाहेर पडली की झाकलेला मजकूर उघडा पडायला लागतो. सप्लिकंटच्या २.४ आणि त्यापुढच्या काही आवृत्त्यांत तर आणखी वाईट होतं. काळजी म्हणून तो किल्ली एकदा दिल्यावर आपल्या स्मृतीतून पुसत असे, आणि दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली की सगळी शून्यं खाली द्यायचा. कर्नलनेही ती निमूट बसवून घेतली.

चूक कोणाची? गादीवरचा म्हणेल मी तेच दिलं, काट्यावरचा म्हणेल मी सांगितलं तेच केलं. दुरुस्ती अखेर दोन्हीकडे झाली. सप्लिकंट बसवलेली किल्ली पुन्हा बसवत नाही, आणि मॅक८०२११ ला तीच किल्ली पुन्हा मिळाली तर तो हो म्हणतो पण क्रमांकाला हात लावत नाही. अद्ययावत करताना म्हणून दोन्ही करा. नवा सप्लिकंट टाकून जुना कर्नल तसाच ठेवणारे मी पाहिले आहेत, त्यांना वाटतं वायफायची सुरक्षा एकाच पॅकेजात असते.

पायरी ६: गादीशी कोण बोलू शकतो

सप्लिकंट रूटच्या हक्काने चालतो, पण पडद्यावरचं वायफायचं चित्र साध्या वापरकर्त्याचं. दोघांचं बोलणं एका नियंत्रण सॉकेटवरून होतं. फाइलमधल्या ‘सीटीआरएल-इंटरफेस’ ओळीत त्याचा गट ठरतो, डेबियनमध्ये सहसा ‘नेटडेव्ह’. या गटात मोजकीच माणसं ठेवा. ‘अपडेट-कॉन्फिग’ १ असेल तर सॉकेटवरून आलेले बदल थेट फाइलमध्ये लिहिले जातात, आणि तुम्ही मायेने लिहिलेल्या टिपा त्यात उडतात. पेढीच्या यंत्रावर मी तो ० ठेवते.

पायरी ७: राउटरच्या बाजूला

जुन्या संगणकाचा अॅक्सेस पॉइंट करायचा तर होस्टएपीडी. महत्त्वाच्या ओळी मोजक्याच. ‘डब्ल्यूपीए’ समोर २. ‘आरएसएन-पेअरवाइज’ समोर सीसीएमपी, मोठ्या अक्षरांत. टीकेआयपी या जुन्या, कमकुवत रीतीचं नाव कुठेही नको. किल्लीच्या पद्धतीत डब्ल्यूपीए-पीएसके (इथे जोडरेघच) आणि एसएई दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहिले तर जुनी-नवी यंत्रं एकत्र चालतात. अशा वेळी ‘आयट्रिपलई८०२११डब्ल्यू’ १ ठेवा. सगळी यंत्रं नवी असतील तर फक्त एसएई आणि २. या ओळीने जोडणी तोडणाऱ्या खोट्या निरोपांना आळा बसतो. सक्ती किती करायची ते होस्टएपीडी ठरवतो, प्रत्यक्ष तपासणी खाली होते.

पेढीवर शेतकरी, दलाल, ट्रकवाले येतात आणि पासवर्ड विचारतात. नाही म्हणणं अण्णांच्या स्वभावात नाही. तिथे दोन ओळी कामाच्या. ‘एपी-आयसोलेट’ १ केलं की जोडलेली यंत्रं त्या अॅक्सेस पॉइंटमधून परस्पर एकमेकांशी बोलू शकत नाहीत. ओळ होस्टएपीडीची, अंमल कर्नलचा. आणि ‘डब्ल्यूपीए-पीएसके-फाइल’मध्ये यंत्राच्या पत्त्यागणिक वेगळा पासवर्ड देता येतो, म्हणजे एकाला काढायचं तर सगळ्यांचा बदलावा लागत नाही. ही सोय डब्ल्यूपीए२ पुरती. नवे मोबाइल दर नेटवर्कला खोटा पत्ता दाखवतात, तो जोडणीच्या सेटिंगमध्ये बघून लिहायचा.

देशाच्या कोडमध्ये भारताचा ‘आयएन’ मोठ्या अक्षरांत लिहा आणि ‘आयडब्ल्यू रेग गेट’ने तपासा. तुम्ही फक्त देश सुचवता. कोणत्या चॅनेलवर किती ताकदीने बोलायचं याची सही केलेली यादी कर्नल स्वतः तपासून उघडतो, त्यामुळे बाकी फाइलमध्ये काहीही लिहिलं तरी त्या देशाची मर्यादा ओलांडता येत नाही.

दुसरी घराणी

ही वाटणी काही दगडावरची रेघ नाही. ओपनबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या प्रणालीने उलट ठरवलं. तिथे चार निरोपही कर्नल करतो. ‘आयएफकॉन्फिग’ पासवर्ड घुसळून पीएमके बनवतो आणि ती थेट खाली देतो; घरच्या नेटवर्कला सप्लिकंट लागतच नाही. प्रमाणपत्रवाल्या नेटवर्कसाठी मात्र तिथेही तो वेगळा बसवावा लागतो. इंटेलच्या आयडब्ल्यूडीचा रस्ता आणखी तिसरा. तो निरोप वर ठेवतो, पण गणित करायला कर्नलचीच एईएस आणि हॅशची सोय वापरतो, वेगळी मोठी लायब्ररी ओढून आणत नाही. एकटा हिशेब ठेवणाऱ्या दुकानाला मला ओपनबीएसडीची रीत आवडते, सुटसुटीत. कॉलेजच्या नेटवर्कला मी ती घेणार नाही.

लिनक्समध्येही रेघ कधी कधी खाली सरकते. लॅपटॉप झोपतो तेव्हा सप्लिकंट गोठतो, पण राउटर सामूहिक किल्ली बदलत राहतो. सीसीएमपी असताना होस्टएपीडी ती मुळात दिवसातून एकदा बदलतो. वायफायवरून जागं व्हायची सोय हवी असेल तर झोपण्याआधी किल्लीचे पहिले दोन तुकडेही (सहीचा आणि मजकूर झाकण्याचा) चिपकडे सोपवावे लागतात. रात्री झोपवलेला लॅपटॉप सकाळी हाकेला उठत नसेल तर हे जमतं का ते आपल्या चिपच्या माहितीत बघा.

पायरी ८: आवरून निघा

तपासणी करताना सप्लिकंटच्या नोंदीत किल्ल्यांच्या जागी ‘रिमूव्ह्ड’ दिसतं. खऱ्या किल्ल्या बघायच्या तर मोठ्या ‘के’चा पर्याय लावावा लागतो. शक्यतो लावू नका. मी त्या सकाळी जुनी आणि नवी किल्ली ताडून बघायला लावला होता, आणि नोंद एका फाइलमध्ये साठवली होती. सौदे सुरू झाले, बिलं निघायला लागली, अण्णांनी चहा आणि भडंग मागवलं, आणि मी ती फाइल तशीच ठेवून घरी आले. संध्याकाळी आठवण झाली. स्टुलावर चढून ती पुसायला परत यार्डात गेले.